फोन हातात की स्टँडवर?

कानाला फोन लावून गाडी चालवणाऱ्याचं गणित सोपं असतं: दोनच मिनिटं बोलायचंय. कायद्याचं गणित वेगळं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार हातातला फोन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

स्टँडवरच्या फोनला सूट आहे, पण ती फक्त रस्ता पाहण्यापुरती, तीही लक्ष विचलित होत नसेल तर. २०२० पासूनचा हा केंद्रीय नियम. रील बघायला नाही, हे रिक्षावाल्यांना कोणीतरी सांगा! ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं, की गाडी ३३ मीटर आंधळी धावते. फोन हातात असो वा स्टँडवर.

बाइकवर स्टँडचा आणखी एक तोटा, हादऱ्यांनी कॅमेरा बिघडू शकतो. तरी माझं मत स्टँडलाच. पत्ता निघण्याआधी टाकायचा, आवाज चालू ठेवायचा. फोन आलाच तर? गाडी बाजूला घ्यायची. ब्लूटूथवर बोलतानाही हात मोकळे राहतात, डोकं नाही.