साधा टीसीपी सर्व्हर: पायथनचे थ्रेड, असिंकआयओ की नोड?

काम एवढंच आहे असं धरू: एका पोर्टवर थांबायचं, क्लायंटकडून एकेक ओळ घ्यायची, डेटाबेसमध्ये बघून उत्तराची ओळ परत पाठवायची. एचटीटीपी नाही, फ्रेमवर्क नाही. पर्याय तीन: पायथनचे थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामं), एकाच थ्रेडमध्ये सगळी कनेक्शनं आळीपाळीने सांभाळणारं पायथनचं असिंकआयओ, आणि तसंच चालणारं, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.

माझं मत आधीच सांगतो. कनेक्शनं शे-दोनशेच्या आत असतील, तर पायथनचं सॉकेटसर्व्हर मॉड्यूल घ्या, थ्रेडिंगवालं. प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र थ्रेड मिळतो, त्यामुळे कोड वरून खाली सरळ वाचता येतो. जीआयएलची, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणाऱ्या कुलपाची, धास्ती इथे नको. नेटवर्कची वाट बघताना पायथन ते कुलूप सोडून देतं. एका हँडलरमध्ये एक्सेप्शन आलं तर ट्रेसबॅक छापला जातो आणि बाकीचे क्लायंट चालू राहतात. खोडी मात्र डिफॉल्टमध्ये आहेत. पत्ता पुन्हा वापरायची परवानगी बंद असते, म्हणून सर्व्हर रीस्टार्ट केला की अनेकदा 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येतं. स्वीकारायच्या बाकी असलेल्या कनेक्शनांच्या रांगेची मर्यादा फक्त 5 असते (असिंकआयओत 100, नोडमध्ये 511). या दोन्ही गोष्टी सर्व्हरच्या क्लासमध्ये एकेका ओळीने बदलता येतात. थ्रेडमध्ये सामायिक डिक्शनरी असेल तर लॉक लावा, ते टळत नाही.

असिंकआयओ पायथन 3.4 मध्ये, 2014 साली आलं. पुढच्याच आवृत्तीत असिंक-अवेट हे कीवर्ड आल्यावर ते वाचण्याजोगं झालं. हजारो कनेक्शनं बहुतेक वेळ नुसती उघडी राहणार असतील, तर हेच घ्या. पण डेटाबेसची नेहमीची ब्लॉकिंग (उत्तर येईपर्यंत थ्रेड अडवून ठेवणारी) लायब्ररी त्यात वापरलीत, तर एका क्वेरीसाठी सगळे क्लायंट ताटकळतात. असं काम वेगळ्या थ्रेडवर ढकलता येतं, 3.9 पासून ते आणखी सोपं झालं. पण प्रत्येक वेळी तेच करावं लागत असेल, तर मग थ्रेडच का नकोत?

नोडमध्ये ही अडचण कमी, कारण 2009 पासून तिथल्या लायब्रऱ्या बहुतांश नॉन-ब्लॉकिंगच लिहिल्या गेल्या. टीममध्ये जावास्क्रिप्ट रुळलेली असेल तर जरूर घ्या, पण दोन गोष्टी सांभाळा. टीसीपी हा बाइटचा सलग प्रवाह आहे. डेटा इव्हेंटमध्ये (बाइट आले की नोड देतं त्या सूचनेत) कधी अर्धी ओळ येते, कधी अडीच; जोडाजोड तुम्हीच करायची. पायथनच्या दोन्ही पर्यायांत ओळ वाचायची सोय तयार मिळते. त्यातून मजकूर मराठी असेल तर आणखी पंचाईत: यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, ते मधोमध तुटून चौकोन दिसू लागतात. सॉकेटवर एन्कोडिंग सेट केलं की हे थांबतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सॉकेटच्या एरर इव्हेंटला लिसनर (तो हाताळणारं फंक्शन) नसेल आणि एखाद्या क्लायंटने कनेक्शन अचानक तोडलं, तर अख्खी प्रोसेस बंद पडू शकते. मला तरी नोडविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच वाटतो.

शिवाय होस्ट न दिल्यास नोड सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर ऐकायला लागतं. चाचणी करताना 127.0.0.1 (म्हणजे फक्त हेच मशीन) स्वतःहून लिहा.