फायटर मोठ्या टाकीत हलवायचा आहे: लगेच सोडावा की थांबावं?

फायटर माशासाठी मोठी टाकी आणली की तो त्यात सोडायचा कधी, यावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. काही जण सांगतात, टाकी महिना-दीड महिना माशाविना चालवा, मगच हात लावा. काही म्हणतात, पाणी भरा, अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) टाका आणि सोडा, फायटर चिवट असतो. आज तुमचा मासा कशात राहतोय, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. माझ्या मते निर्णय नव्या टाकीपेक्षा जुन्या भांड्याकडे बघून घ्यायचा असतो.

आधी टाकी तयार होणं म्हणजे काय ते थोडक्यात. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनियाने कल्ले भाजतात आणि नायट्राइटमुळे रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्यामानाने सौम्य, पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. यालाच टाकी सायकल करणं म्हणतात.

माशाविना सायकल की माशासकट?

माशाविना करायचं तर नव्या टाकीत बाटलीतला शुद्ध अमोनिया मोजून टाकतात, २ पीपीएमपर्यंत (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम). तो टाकल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. मग साचलेलं नायट्रेट घालवायला बरंचसं पाणी बदलायचं आणि मासा सोडायचा. माशाला यात काहीच सोसावं लागत नाही. ज्याने अजून मासा आणलेलाच नाही, त्याने दुसरा विचारही करू नये.

पण मासा ३ लिटरच्या, फिल्टर नसलेल्या बाउलमध्ये असेल तर? नव्या टाकीतला अमोनिया बाधू नये म्हणून त्याला आणखी पाच आठवडे तिथंच ठेवायचं, तर तिथं तो अमोनियातच राहतो. शिवाय इतक्या कमी पाण्यात तापमान दिवसा वर, रात्री खाली होत राहतं. तेवढाच अमोनिया २० लिटरमध्ये मिसळला तर त्याची तीव्रता जवळजवळ सातव्या हिश्श्यावर येते. अशा माशाला मी लगेच हलवायला सांगेन.

मात्र मोठ्या पाण्याने फक्त उसंत मिळते, अमोनिया आपोआप जात नाही. म्हणून माशासकट सायकल करायची तर पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट मोजणारं टेस्ट किट हवंच. रोज तपासायचं, अमोनिया आणि नायट्राइट मिळून ०.५ पीपीएमच्या आसपास गेले की निम्मं पाणी बदलायचं. खाणं दिवसाला दोन-तीन दाण्यांवर आणायचं. पुढच्या महिन्यात तुम्ही चार दिवस बाहेरगावी जाणार असाल आणि मागे बघणारं कोणी नसेल, तर हा मार्ग आत्ता धरू नका. परत येईपर्यंत नवी टाकी माशाविना सुरू ठेवा आणि जाईपर्यंत बाउलचं थोडं थोडं पाणी रोज बदलत राहा.

जुन्या टाकीत फिल्टर असेल तर

मग वरची सगळी चर्चा बाजूला ठेवा. बरेच महिने चाललेल्या फिल्टरच्या स्पंजमध्ये हवे ते जिवाणू आधीच बसलेले असतात. तो फिल्टर जसाच्या तसा नव्या टाकीत लावा आणि त्याच दिवशी मासा हलवा. मोठ्या टाकीला तो पुरेल का, ही शंका बरेच जण काढतात. मासा तोच, खाणं तेवढंच, म्हणजे घाणही तेवढीच. पाणी वाढलं म्हणून जिवाणूंचं काम वाढत नाही. नवा फिल्टर घेतला असेल तर दोन्ही महिना-सव्वा महिना शेजारी शेजारी चालवा आणि मग जुना काढा. स्पंज नळाखाली मात्र धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. हलवताना तो टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवा आणि लगेच चालू करा.

फिल्टर नसलेल्यांचा एक आवडता तोडगा म्हणजे जुनं पाणी नव्या टाकीत ओतणं. त्याने काही साधत नाही, कारण हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंज, वाळू, काच यांना चिकटून राहतात. उलट तोटाच होऊ शकतो. महिनोन् महिने चाललेल्या बाउलचं पाणी बहुधा आम्लधर्मी झालेलं असतं आणि त्यातला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. जास्त पीएचच्या, म्हणजे कमी आम्लधर्मी, ताज्या पाण्यात तो गेला की त्यातला बराच पुन्हा विषारी रूपात येतो. जुनं पाणी जुन्या भांड्यातच राहू द्या.

टाकी केवढी, कशी?

२० लिटरमध्ये एक फायटर छान राहतो. हीटर लहान पुरतो, आठवड्याला ५ लिटर पाणी बदललं की झालं. ४० लिटरमध्ये तापमान आणि पाण्याचे गुण आणखी स्थिर राहतात, एखाद वेळी पाणी बदलायला उशीर झाला तरी निभावतं. पण नुसतं पाणीच ४० किलो, वर काच आणि वाळू. टेबल तितकं भक्कम हवं. मोठ्या टाकीचा दुसरा धोका मालकाकडून असतो: जागा रिकामी दिसते आणि आणखी मासे आणायचा मोह होतो. दुसरा नर फायटर तर कधीच नको, कितीही लिटर असले तरी. नवशिक्याला मी २० ते ३० लिटरच्या मध्ये कुठेतरी थांबायला सांगेन.

उभी की आडवी, याला माझं उत्तर ठाम आहे: आडवी. फायटर मूळचा थायलंड आणि आसपासच्या भागांतल्या भातखाचरांतला, दलदलीतला. तिथलं पाणी उथळ, पण पसरलेलं. त्याला हवा घ्यायला पुन्हा पुन्हा वर यावं लागतं. लांब पंखांच्या हाफमून प्रकारच्या फायटरला उंच टाकीत ती चढण दिवसभर दमवते. पाण्याची उंची २० ते २५ सेंटिमीटर पुरे. झाकण लागतंच, कारण हा उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेला जागाही सोडायची.

पिशवी तरंगवायची की थेंबाथेंबाने मिसळायचं?

नळ तोच आणि जुनं पाणी नियमित बदललेलं असेल, तर माशाचं भांडं नव्या टाकीत १५-२० मिनिटं तरंगवून तापमान जुळवलं की पुरतं. बाउलचं पाणी फार दिवस बदललेलंच नसेल तर दोन्ही पाण्यांच्या गुणांत मोठी तफावत असते. अशा वेळी दोन-चार दिवस आधीपासून बाउलमधलं पाणी रोज थोडं थोडं बदलत आणा आणि हलवताना बारीक नळीने तासाभरात थेंब थेंब पाणी मिसळा. नव्या टाकीत २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान आदल्या दिवसापासून स्थिर असू द्या. जाळीऐवजी कप वापरा, जाळीत पंख अडकून फाटतात.

सोडल्यावर पहिल्या दिवशी दिवा बंद. मासा एक-दोन दिवस लपून बसला, रंग फिका पडला, खाल्लं नाही, तर घाबरू नका. फिल्टरच्या धारेने तो एका बाजूला ढकलला जात असेल तर प्रवाह लगेच कमी करा. स्पंज फिल्टर असेल तर हवेच्या नळीवरचा छोटा व्हॉल्व्ह फिरवला की भागतं. पंख सतत मिटलेले दिसले, कल्ले लालसर झाले, तर आधी टेस्ट किट काढा आणि मग औषधाचा विचार करा. पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं दिसलं म्हणून पाणी उत्तम आहे असं समजू नका, खराब पाण्यातही नर घरटं बांधतात. फिल्टर सोबत नेला असला तरी पहिले दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया तपासा. तो सलग शून्य राहिला की आठवड्याला २५ टक्के पाणी बदलण्याच्या नेहमीच्या क्रमावर या.