फायबर होडीच्या खाचेत काचेच्या मॅटऐवजी गाडीची लांबी (पुट्टी)

उन्हाळ्यात हिडकल जलाशयाचं पाणी ओसरलं की काठचे दगड उघडे पडतात आणि फायबरच्या होड्यांची बुडं त्यावर घासतात. आमच्या होडीला अशा चार खाचा पडल्या. सगळ्यात मोठी वीतभर लांब, ३ मिलिमीटर खोल. बेळगावकडच्या एका गाड्यांच्या पेंटिंगवाल्याने बिलात लिहिलं : रेझिन (धाग्यांना धरून घट्ट होणारा पातळ राळेसारखा पदार्थ) ४ किलो, मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) तीन थर, जेलकोट (वरचा चकचकीत रंगाचा थर). होडी चकचकीत होऊन आली. दोन महिन्यांत फोड आले, खरवडलं तर आत गुलाबी लांबी. काचेचा एक धागा नाही!

ही लांबी पत्र्याचे पोचे भरायला असते. ती पाणी ओढते, मग पाण्याखाली सुटते. आणि जिथले काचेचे धागे तुटले तिथे काचेचे धागेच बसवायला हवेत, लांबीला ताकद नसते.

बिलातला आकडाच आम्ही आधी तपासायला हवा होता. खाच ३ मिलिमीटर खोल असेल तर कडेने खोलीच्या बारापट, म्हणजे साधारण ३६ मिलिमीटर उतार घासायचा. त्यात ४५० ग्रॅमी (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅटचे तीन थर बसतात, एक थर सुमारे १ मिलिमीटर. वीतभर खाचेला मॅट पंचवीसेक ग्रॅम आणि रेझिन त्याच्या दुप्पट-अडीचपट. चारही खाचा, वाया जाणारं धरून, अर्ध्या किलोत होतात. ४ किलो कुठे गेलं?

नीट काम असं होतं : घासण्याआधी ॲसिटोनने पुसायचं, नाहीतर होडीवरचं जुनं मेण खाचेत रगडलं जातं आणि रेझिन धरत नाही. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) रेझिनच्या १ ते २ टक्के, कडक उन्हात कमी. कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगाने करवणारं रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. रोलरने हवा काढायची. साधा जेलकोट हवेत वरून चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद दाबून बसवतात.

खाचेत काचेचे धागे दिसत नसतील तर मॅट लागतच नाही. उथळ ओरखडा ८०० आणि १२०० नंबरच्या पाणीपेपरने घासून, रबिंग कंपाउंडने निघतो. त्यालाही मॅटचे पैसे लावणारे आहेत.

काम देताना अट घाला : घासून झाल्यावर एकदा आणि मॅट बसल्यावर, जेलकोटच्या आधी एकदा, आम्ही येऊन बघणार. रंग चढल्यावर डोळ्यांना काही कळत नाही. नाण्याने टकटक केल्यावर आवाज बद्द आला तर आत पोकळी किंवा सुटलेला थर असण्याची शक्यता असते.

फसलेली होडी दुरुस्त करताना लांबी पूर्ण घासून काढा आणि बूड वाळवा. घासलेल्या जागेवर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर ओल आहे, अजून थांबा.