बाळाचं मशीन: पुण्याला बसवावं की सोलापुरातच?

बाळाच्या ऐकण्याची पहिली चाळणी चाचणी, ओएई, पुन्हा 'रेफर' (म्हणजे पुढची तपासणी हवी अशी) आली, आवाजाला कानाची नस कसा प्रतिसाद देते ते पाहणाऱ्या बेरा चाचणीनेही दोन्ही कानांचा दोष पक्का सांगितला, आणि आता तुमच्या घरात एकच चर्चा चालू आहे: कानाचं मशीन पुण्याला जाऊन बसवायचं की इथेच? आमच्या मुलीच्या वेळी आम्ही आधी पुणं धरलं, नंतर सोलापुरात आलो. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगता येईल.

निदानासाठी मी आजही पुण्याकडेच बोट दाखवेन. बेरा, एएसएसआर (कोणत्या सुराचा किती आवाज ऐकू येतो ते मोजणारी चाचणी), मधल्या कानाची तपासणी एकाच छताखाली होते आणि लहान बाळांची सवय असलेली माणसं भेटतात. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेलं असेल किंवा कावीळ फार चढली असेल, तर ओएई पास असली तरी बेरा करून घ्याच. कानाच्या नसेतला दोष ओएईत दिसत नाही. बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं. पहाटेच्या गाडीने निघालात तर ते कुर्डुवाडीच्या आतच झोप काढतं आणि टेस्टच्या खोलीत टक्क जागं असतं. जमलं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.

मशीनचं मात्र वेगळं आहे, आणि त्याचं कारण मोल्ड, म्हणजे बाळाच्या कानाच्या मापाने बनवलेला, मशीनचा आवाज कानात पोचवणारा तुकडा.

तान्ह्या बाळाचा कान भराभर वाढतो. आज घट्ट बसलेला मोल्ड काही आठवड्यांत सैल होतो, आतला आवाज फटीतून परत माइकवर जातो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. दूध पाजताना कान आईच्या दंडाला टेकला की शिट्टी, कुशीवर वळलं की शिट्टी. मग कोणीतरी आवाज कमी करतं, आजी मशीन काढूनच ठेवते. आमच्याकडे नेमकं हेच व्हायचं. पुण्याला जाऊन माप द्यायचं, मोल्ड कुरिअरने यायचा, तोवर कान पुन्हा वाढलेला. तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन, अशी धावपळ करून मिळवलेलं मशीन डबीत पडून राहिलं, तर त्या घाईचा उपयोग काय? मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

सोलापुरातही मोल्ड काही त्याच दिवशी मिळत नाही. पण शिट्टी सुरू झाली की त्याच संध्याकाळी रिक्षाने जाऊन नवं माप देता येतं. आलेला मोल्ड समोर बसवून, कडा टोचत असेल तर तिथल्या तिथे घासून घेता येतो. एप्रिल-मे महिन्यांत घामाने नळीत पाणी साचतं, तेही दहा मिनिटांत साफ होतं. ऐकायला-बोलायला शिकवण्याच्या थेरपीतही फरक जाणवला. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरातल्या आजीला सोबत बसवून शिकवणारी थेरपिस्ट इथे मिळू शकते, आणि बाळाशी दिवसभर बोलणार ती आजीच.

इथली उणीवही सांगायला हवी. सगळ्याच दुकानांत तान्ह्या बाळाचं काम होत नाही. मोठ्यांची मशीनं विकणाऱ्यांकडे लहान कानाच्या हिशोबाने प्रोग्रामिंग होईलच असं नाही. सहा महिन्यांच्या बाळांना मशीन बसवता का, मऊ सिलिकॉनचा मोल्ड देता का, हे आधी विचारा. उत्तर चाचरत आलं तर पुढचं दार बघा. दोष अतितीव्र असेल आणि कॉक्लिअरचा (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा) विषय निघाला, तर पुणे-मुंबई टळत नाही. केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या एडिप योजनेतून ते करायचं असेल तर मुंबईतल्या वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे काम पाहते. कॉक्लिअर होईपर्यंतही मशीन कानावर हवंच, म्हणजे मोल्डचा प्रश्न उरतोच.

प्रत्येक घराची सोय वेगळी. पुण्यात जवळचं माणूस असेल, तर गणित बदलू शकतं. तिकडूनच मशीन घेणार असाल तर पैसे भरण्याआधी सोलापुरातल्या ऑडिओलॉजिस्टला मॉडेलचं नाव सांगा आणि त्याचं प्रोग्रामिंग त्यांच्याकडे होईल का, मोल्डचं माप ते घेतील का, एवढं पक्कं करून घ्या.