लँडफिलचा करार: वीस वर्षांचा की दोन-तीन वर्षांचा?

शहराचा कचरा लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा जमिनीत पुरायच्या जागी, टाकायचा करार लांब मुदतीचा असेल तर शहराला टनामागे रेट सहसा कमी मिळतो, जागाही पक्की असते, म्हणून घराघरातून कचरा उचलायचं शुल्क एकदम उडी मारत नाही. पण खरी मेख किमान टनांच्या हमीत असते, वर्षाला इतका कचरा आणूच असं लिहून दिलं की कमी आणला तरी पैसे पूर्ण, मग लोकांनी कचरा वेगळा केला, कंपोस्ट वाढवलं, तरी शहराची एक दमडी वाचत नाही. हे मला फार चुकीचं वाटतं.

छोट्या करारात बहुतेकदा जेवढं वजनकाट्यावर तेवढंच बिल. फक्त जवळ दुसरं लँडफिल नसेल तर रिन्यूअलला समोरचा म्हणेल तो रेट, आणि लांब न्यायचं तर डिझेल, ट्रकचे तास धरून स्वस्त टनही महाग पडतो.

दुसरं लँडफिल आवाक्यात असेल तर छोटाच करार घ्यावा. नसेल तर लांब मुदतीचा, पण हमीचा आकडा दरवर्षी खाली आणायची सोय, रेटवाढीला कमाल मर्यादा, आणि लँडफिल भरून बंद झाल्यावर पुढच्या देखभालीचा खर्च कोणाचा, हे सह्यांच्या आधीच लिहून घ्या.