वॉर ग्रेव्ह्जची साइट सात-आठ महिने वापरून: तारीख मिळाली, कारण नाही

पहिल्या महायुद्धात घरातलं कोणी गेलं आणि परत आलं नाही, अशी गोष्ट तुमच्याकडे असेल तर हे वाचा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट आहे, त्यावर ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांत असताना दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची नावं शोधता येतात. फुकट आहे. मी सात-आठ महिने वापरतोय, बहुतेक वेळा रात्री जेवणं झाल्यावर आणि कोपरखैरणे ते ठाणे लोकलमध्ये.

आमचं मूळ गाव जावळी तालुक्यात, सातारा. वडील वाशी मार्केटला माथाडी म्हणून आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात एवढंच माहीत की आज्याचा चुलता पलटणीत होता आणि "बसऱ्याला गेला तो गेलाच" (बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं). कधी, कुठे, पुरला का जाळला, काही नाही.

पहिली गोष्ट, नावाने शोधू नका. मी पण तसंच सुरू केलं आणि नुसती नावांची रांग लागली, कारण आपल्या शिपायांच्या नोंदीत आडनाव बऱ्याचदा नसतंच, एकच नाव असतं आणि पुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. ते नाव कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. त्यापेक्षा अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये जा, इंडियन आर्मी निवडा आणि रेजिमेंटच्या खान्यात मराठा हे जुन्या स्पेलिंगने टाका: एम ए एच आर ए टी टी ए. आजचं स्पेलिंग टाकलंत तर काही हाती लागणार नाही. तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा आकड्यांच्या मराठा पलटणी होत्या. मग "अॅडिशनल इन्फॉर्मेशन" म्हणून एक खाना आहे, खरा माल तिथे, त्यात तालुका टाका. तोही जुन्या स्पेलिंगने, जावळी म्हणजे जे ए ओ एल आय. रिझल्ट डाउनलोड करून एक्सेलमध्ये गावाप्रमाणे लावले की डोळ्यांना बरं पडतं. माझी बायको म्हणाली ऑफिसच्या शीटला एवढा वेळ दिला असतास तर प्रमोशन झालं असतं.

पण यादीत एकाच नावाचे, एकाच तालुक्यातले दोन निघाले. इथे घरातलं मेडल कामाला आलं. गावाकडे देव्हाऱ्यात मागच्या बाजूला एक ब्राँझचं मेडल होतं, त्यावर हळदकुंकवाचा थर बसून बसून ते देवाचाच टाक वाटायचं. (चांदीचंही एक होतं म्हणे, ते आटवून कोणाच्यातरी लग्नात जोडवी झाली.) लोकांना माहीत नसतं, पण त्या युद्धाच्या मेडलच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चिंच-मीठ लावून घासू नका, अक्षरं झिजतात. कोमट पाण्यात ठेवलं, जुन्या मऊ ब्रशने हळूहळू पुसलं, आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून कडेचे फोटो काढले. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, तिरका टाकला की अक्षराची सावली पडते. आधी नंबर दिसला, मग "११० मराठा एल आय" (एल आय म्हणजे लाइट इन्फन्ट्री). साइटवरच्या दोघांपैकी एकाशी नंबर जुळला. त्या क्षणी साइटला पाच स्टार देऊन टाकलेले.

नोंदीत मृत्यूची तारीख होती, फेब्रुवारी १९१६. ११० मराठा ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली. टायग्रिस नदीवरून बगदादकडे निघाले, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला लढाई झाली, तिथून मागे येऊन कूत-अल-अमारा गावात अडकले. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा, तो थेट २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनेच संपला. म्हणजे आमचा माणूस बहुतेक वेढ्याच्या आतच गेला. आत उपासमार, घोडे कापून खायची वेळ, आपल्या शिपायांनी धर्मासाठी बरेच दिवस घोड्याचं मांस नाकारलं, स्कर्व्ही (ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणारा आजार) पसरला. आता गोळीने गेला का आजाराने, हे साइट सांगत नाही. मृत्यूचं कारण या नोंदीत सहसा नसतंच.

तुम्ही म्हणाल कारणाने काय फरक पडतो. आमच्या घरात पडला. इतकी वर्षं त्यांचा म्हाळ सर्वपित्रीला घालायचो, तिथी माहीत नाही म्हणून. तारीख मिळाल्यावर जुन्या पंचांगावरून माघातली तिथी काढली. धाकटे काका म्हणाले आता पितृपंधरवड्यात त्या तिथीला घालू. मोठे काका म्हणाले लढाईत गेलेल्याचा म्हाळ चतुर्दशीलाच, शस्त्राने गेलेल्यांचा दिवस तो. धाकटे म्हणतात शस्त्राने गेला हे कशावरून, उपाशी मेला असेल तर? गणपतीत सुरू झालेलं हे भांडण अजून चालू आहे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पंचांगाचे फोटो पडतायत. त्यावर उपाय म्हणून पलटणीच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धातल्या रोजच्या नोंदी, शोधायला घेतल्यात, पण त्यात ऑफिसरांची नावं असतात आणि शिपाई म्हणजे "इतके मेले, इतके जखमी".

दफनाचं म्हणाल तर समाधी नाही. स्मारक म्हणून बसरा मेमोरियल लिहून येतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराककडे, मेलेले आणि कबर नसलेले ४० हजारांहून जास्त लोक त्यात आहेत. पण नोंदीत स्मारक आहे म्हणून दगडावर नाव आहे असं समजू नका! तिथे गोऱ्यांची नावं कोरली, आपल्याकडच्या फक्त अधिकाऱ्यांची, साध्या शिपायांचा नुसता आकडा. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच रिपोर्ट काढून असला भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. त्यात किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावाने नोंदच झाली नसावी असं म्हटलंय, बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले. तेव्हा आपला माणूस सापडला नाही तर तो गेलाच नव्हता असं नाही. आणि स्मारकही आता मूळ जागी नाही, १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने उचलून बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर नेलंय.

बाकी जे वापरलं ते थोडक्यात. एका परदेशी वंशावळीच्या साइटला पैसे भरले, नाव घेत नाही, ट्रायल संपल्यावर कार्डावरून आपोआप कापले आणि सगळा डेटा भारतातल्या गोऱ्यांच्या बाप्तिस्मा-दफनाचा. गावातलं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, नमुना १४, मोडी लिपीत असतं, वाचून घ्यायला माणूस लागतो. २०२३ नंतर कुणबी नोंदींसाठी बऱ्याच जिल्ह्यांनी असली रजिस्टरं स्कॅन करून टाकलीत, त्याचा असाही फायदा. पण त्यात गावात झालेले मृत्यू, बसऱ्याचा माणूस नाही. तो दिसतो फेरफारमध्ये, जमिनीवर वारस लावताना "मयत" म्हणून. आमचा फेरफार १९१९ चा निघाला, म्हणजे घरच्यांनी तीन वर्षं वाट बघितली की कागदच तेव्हा आला, कोण सांगणार.

ही साइट कोणी वापरावी? पलटणीतला माणूस असेल आणि ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मध्ये गेला असेल तर डोळे झाकून. पेन्शनवर घरी येऊन नंतर वारला असेल तर इथे सहसा नाही मिळणार. ठाणे-वसईकडचे ईस्ट इंडियन असाल तर आधी चर्चचं दफन रजिस्टर. आणि कोकणातल्या ज्यांचे पणजोबा बोटीवर खलाशी होते त्यांनी साइटवर बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल टाकून बघा, समुद्रात गेलेले दोन हजारांहून जास्त लोक त्यात आहेत आणि ते स्मारक मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे, ठाण्याहून स्लो लोकलने थेट.