बेचाळीस अंशांच्या खोलीत ओव्हरक्लॉक: चार एएम४ बोर्डांच्या व्हीआरएमची तुलना

मदरबोर्डाच्या खोक्यावर ‘१०+२ फेज’ असं ठळक छापलेलं असतं. फेज म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा एकेक भाग, आणि ते सगळं सर्किट म्हणजे व्हीआरएम. दुकानदार तेवढंच वाचून दाखवतो, गिऱ्हाईक बोर्ड पिशवीत टाकून एसटी पकडतं. ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाहून जोरात चालवणं, करायचं नसेल तर यात काही बिघडत नाही. करायचं असेल, आणि राहणं ब्रह्मपुरी, वणी, हिंगणघाट किंवा अकोटकडे असेल, तर खोक्यावरच्या आकड्यापेक्षा त्या फेजमध्ये कोणते भाग बसवलेत आणि त्यांची उष्णता जाते कुठे, हे आधी बघावं लागतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे चार बोर्ड इथे त्याच नजरेने बघू.

याचं कारण आपला उन्हाळा. बोर्डांच्या चाचण्या बहुतेक २०-२२ अंशांच्या एसी खोलीत होतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या खोलीत दुपारी ४२ अंश असणं ही नेहमीची गोष्ट आहे. हवा जितके अंश गरम, तितकेच अंश व्हीआरएमच्या तापमानात जवळजवळ जसेच्या तसे वाढतात. म्हणजे चाचणीत ८५ दाखवलेला बोर्ड इथे १०५ च्या घरात जाईल. बरेच बोर्ड ११५ ते १२५ च्या दरम्यान प्रोसेसरला ‘थांब’ असा इशारा देतात. मग रायझेनचा वेग ५५० मेगाहर्ट्झच्या आसपास आपटतो, गेम फोटोसारखा गोठतो आणि दोन-तीन सेकंदांनी पुन्हा चालू होतो. दोष मात्र ग्राफिक्स कार्डाला लागतो.

व्हीआरएमचं काम एवढंच: एसएमपीएसकडून (पीसीच्या पॉवर सप्लायकडून) आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या १.१ ते १.३ व्होल्टवर आणायचे. प्रत्येक फेजमध्ये मॉसफेट नावाचे झपाट्याने चालू-बंद होणारे स्विच असतात. वरचा मॉसफेट साधारण दहा टक्के वेळ चालू असतो, खालचा नव्वद टक्के. म्हणून वहनातली उष्णता मुख्यतः खालच्या मॉसफेटमध्ये होते आणि चालू-बंद होण्यातली वरच्यात. वहनातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तोच करंट दुप्पट फेजमध्ये वाटला की प्रत्येक फेजमधली उष्णता चौथाई होते आणि सगळ्यांची मिळून निम्मी.

आता हिशेब. रायझेन ७ ५८००एक्सला कंपनीच्या मर्यादा आहेत पीपीटी (एकूण वीज) १४२ वॉट, टीडीसी (सततचा करंट) ९५ अँपिअर, ईडीसी (क्षणिक कमाल करंट) १४० अँपिअर. ओव्हरक्लॉक करून १.३ व्होल्टवर १३० अँपिअर ओढले असं धरू, म्हणजे सुमारे १६९ वॉट. व्हीआरएमची कार्यक्षमता ८८ टक्के असेल तर २३ वॉट उष्णता बोर्डावरच राहते, ९३ टक्के असेल तर १३ वॉट. २३ वॉट म्हणजे जवळपास आपलं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न. ते सॉकेटच्या बाजूला दिवसभर चालू ठेवल्यासारखंच झालं.

गिगाबाइट बी४५०एम डीएस३एच

खेड्यापाड्यांतल्या असेंबल पीसींत हा बोर्ड फार दिसतो. रचना ४+३. प्रोसेसरच्या चार फेजमध्ये प्रत्येकी वर एक ४सी१०एन मॉसफेट, खाली दोन ४सी०६एन. वरच्या हिशेबात एकेका फेजवर साडेबत्तीस अँपिअर येतात, आणि चालू-बंद होण्याची सगळी झळ एकट्या वरच्या मॉसफेटला सोसावी लागते. हीटसिंक छोटा आहे आणि सॉकेटच्या डाव्या बाजूलाच आहे. वरच्या बाजूच्या तीन फेज उघड्या आहेत.

ही शेवटची गोष्ट ५६००जी किंवा ५७००जी वापरणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. या प्रोसेसरांमधल्या ग्राफिक्सला वीज ‘+३’ वाल्या एसओसी फेजमधून (कोर सोडून चिपमधल्या बाकी भागांना वीज देणाऱ्या फेजमधून) मिळते. ग्राफिक्स ओव्हरक्लॉक करून एसओसी व्होल्टेज वाढवलं की उघडे मॉसफेट तापतात, आणि त्यांचं तापमान दाखवणारा सेन्सर बहुधा नसतोच. एसओसी १.१५ च्या वर नेऊ नये.

निकाल: ५६०० ला कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज थोडं उतरवणारी बायोसमधली सोय) लावण्याइतपत ठीक. ५८००एक्स आणि हाताने ओव्हरक्लॉक, या दोन्हींसाठी नको.

एमएसआय बी४५० टोमॅहॉक मॅक्स

खोक्यावर हाही चार फेजवालाच, ४+२. आकडा तोच, पण माल वेगळा. प्रत्येक फेजमध्ये वर दोन ४सी०२९एन, खाली दोन ४सी०२४एन. ४सी०२४एनचा रोध सुमारे २.८ मिलिओहम, तर डीएस३एचमधल्या ४सी०६एनचा सुमारे ४. वरचाही मॉसफेट जोडीत असल्यामुळे झळ वाटली जाते. हीटसिंक चांगला जाडजूड आहे. नुसत्या फेज मोजून बोर्ड घेणं का चुकतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणं कठीण.

जुना बोर्ड असेल तर ५००० मालिकेसाठी आधी बायोस अपडेट लागेल. मागच्या बाजूला फ्लॅश बायोसचं बटण आहे, त्यामुळे प्रोसेसर न बसवताही ते होतं. पण यूपीएसशिवाय करू नका. अपडेट अर्धवट असताना लाइन गेली तर बोर्ड बंद पडतो.

निकाल: ५६०० आणि ५७००एक्सला निःशंक. ५८००एक्स मूळ मर्यादेत चालतो. उन्हाळ्यात मर्यादा वाढवायची तर हीटसिंकवर पंखा हवाच.

असूस टफ गेमिंग बी५५०-प्लस

इथून डॉ.मॉस सुरू होतात. वरचा मॉसफेट, खालचा मॉसफेट आणि त्यांना चालवणारा ड्रायव्हर एकाच चिपमध्ये असतात. रचना ८+२, प्रत्येक चिप ५० अँपिअरची. ‘आठ गुणिले पन्नास म्हणजे चारशे अँपिअर’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. ती क्षमता आदर्श थंडाव्यातली असते आणि सतत तेवढा करंट कुणी ओढत नाही. बघायचं ते हे की १३० अँपिअरला एका चिपवर १६ च येतात, आणि १० ते २५ अँपिअरच्या टप्प्यात या चिपा सर्वात कमी वाया घालवतात. कंट्रोलर दोन-दोन चिपा जोडीने चालवतो, म्हणून काही लोक याला खरे चार फेज म्हणतात. उष्णतेच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही.

निकाल: आठ कोरपर्यंत काहीही चालवा. आपल्या भागात पैसे आणि गुण यांचा मेळ याच बोर्डात सर्वात चांगला बसतो.

एमएसआय मॅग बी५५० टोमॅहॉक

१०+२+१, ६० अँपिअरच्या चिपा. त्याच हिशेबात एकेकीवर १३ अँपिअर. ५९००एक्स किंवा ५९५०एक्ससाठी आणि मेमध्येही मर्यादा न उतरवता चालवायचं असेल तर चौघांत हाच. ५६०० साठी हा घेणं मात्र पैशाची नासाडी. उरलेल्या पैशात चांगला एसएमपीएस घ्या.

एएम५, म्हणजे एएम४ नंतरच्या सॉकेटवर जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: असरॉकचा बी६५०एम-एचडीव्ही/एम.२ छोटा दिसतो, पण त्यात ८+२+१ ची डॉ.मॉस रचना आहे आणि आठ कोरच्या प्रोसेसरला ती पुरते. एमएसआय मॅग बी६५० टोमॅहॉकमध्ये १४+२+१ आणि ८० अँपिअरच्या चिपा आहेत, २३० वॉट पीपीटीच्या ७९५०एक्सलाही पुरून उरतील अशा. ए३२०, ए५२० आणि ए६२० या चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतच नाही. ‘बायोसमध्ये चालू करून देतो’ असं सांगून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

हवा, धूळ आणि कूलर

लिक्विड कूलर बसवला की प्रोसेसर थंड होतो, व्हीआरएम मात्र तापतो, कारण सॉकेटभोवतीचं वारं बंद होतं. एएमडीचा खोक्यातला साधा पंखा वरून खाली हवा मारतो, ती हवा बोर्डावर पसरते आणि मॉसफेटना आयता थंडावा मिळतो. म्हणून टॉवर किंवा लिक्विड कूलर लावणाऱ्यांनी हीटसिंककडे तोंड करून ८० किंवा १२० मिलिमीटरचा एक पंखा झिप टायने बांधावा. दहा-पंधरा अंश सहज उतरतात. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

खोलीतला पाण्याचा कूलर मे महिन्यात मोठा आधार आहे, कारण हवा कोरडी असते. पण पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. बोअरचं पाणी जड असतं. पॅडमधून उडालेले बारीक थेंब बोर्डावर वाळले की पांढरा क्षार उरतो, आणि जुलैच्या दमट हवेत तोच क्षार ओल धरून पायांमध्ये गंज आणतो. पीसी झोताच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर वर ठेवा.

जिनिंगच्या पट्ट्यात रुईचे तंतू हीटसिंकच्या बारीक फटींत नमद्यासारखे बसतात, गोंदिया-भंडाऱ्याकडे राइस मिलचा कोंडा, वणी-घुग्गुसकडे कोळशाची पूड. कापसाच्या हंगामात महिन्याला एकदा ब्लोअर मारा, आणि मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

मोजायचं कसं

एचडब्ल्यूइन्फो६४ या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘व्हीआर मॉस’, ‘व्हीआरएम’ किंवा ‘मॉस’ नावाची ओळ शोधा. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंच आर२३ तीस मिनिटं चालवा, दुपारी दोन ते चारच्या मध्ये. सकाळी सहाला घेतलेली चाचणी मेमध्ये फसवते. ९० पर्यंत निश्चिंत राहा, १०० च्या पुढे गेलं तर मर्यादा उतरवा. शेजारच्या पॉलिमर कपॅसिटरांचं आयुष्य अनेकदा १०५ अंशांवर ५००० तास असं दिलेलं असतं. दर वीस अंश कमी ठेवले की ते साधारण दहापट होतं.

सेन्सर नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर नेम धरून नाही. चकाकणारा पृष्ठभाग खरं तापमान दाखवत नाही, आकडा वीस-तीस अंश कमी येतो. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि त्या तुकड्यावर मोजा. मॉसफेट त्याहून दहा ते वीस अंश जास्त गरम आहे असं धरून चाला.

बायोसमध्ये काय लावायचं

दोन प्रोफाइल साठवून ठेवा. ५८००एक्ससाठी (पीपीटी / टीडीसी / ईडीसी या क्रमाने) हिवाळी प्रोफाइल १४२ / ९५ / १४०, उन्हाळी ८८ / ६० / ९०. दोन्हींत कर्व्ह ऑप्टिमायझर सर्व कोरना उणे १० पासून सुरू करून उणे १५ वर न्या. मोकळा असताना पीसी बंद पडला किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए १८ (हार्डवेअर चुकल्याची नोंद) दिसला तर पाचने मागे या. उन्हाळी प्रोफाइलमध्ये गेमचा वेग फारसा घटत नाही, पण व्हीआरएमची उष्णता निम्म्यावर येते.

हाताने व्होल्टेज देणार असाल तर सर्व कोरच्या लोडवर १.३ च्या वर जाऊ नका. लोडलाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचं ते ठरवणारी सोय) मधल्या पातळीवर ठेवा. सर्वात कडक पातळीवर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, ते सॉफ्टवेअरला दिसत नाही आणि प्रोसेसर तेच सोसतो. नावांत गोंधळ आहे: एमएसआयमध्ये मोड १ सर्वात कडक, असरॉकमध्येही लेव्हल १ कडक, असूसमध्ये मात्र लेव्हल १ सर्वात सैल. एका बोर्डाचा व्हिडिओ बघून दुसऱ्यावर आकडा टाकणारे इथेच फसतात.

ओव्हरक्लॉक फक्त संध्याकाळीच अस्थिर होत असेल तर बोर्डाच्या आधी लाइन तपासा. शेतीपंप सुरू झाले आणि डीपीवर भार आला की व्होल्टेज १७०-१८० वर येतं. ॲक्टिव्ह पीएफसीचा, १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस ते सहन करतो. २०० ते २४० लिहिलेला स्वस्तातला करत नाही. लोडवर १२ व्होल्टची ओळ ११.४ च्या खाली गेली तर दोष व्हीआरएमचा नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग करून घेतल्याशिवाय ओव्हरक्लॉकला हात घालू नका.

जुना बोर्ड घेताना

नागपूर-अमरावतीहून वापरलेला बोर्ड आणणारे बरेच आहेत. व्हीआरएमचा हीटसिंक बहुधा मागच्या दोन स्क्रूंवर असतो, तो विकणाऱ्यासमोर उघडा. खालच्या थर्मल पॅडवर प्रत्येक मॉसफेटचा चौकोनी ठसा सारख्या खोलीचा उमटलेला दिसला पाहिजे. एका टोकाचे ठसे खोल आणि दुसऱ्या टोकाचे पुसट असतील तर तिकडचे मॉसफेट इतके दिवस हीटसिंकला टेकलेच नव्हते. पॅड बिस्किटासारखा तुटत असेल किंवा भोवती तेल ओघळलं असेल तर त्याच जाडीचा नवा टाका, बहुधा १ ते १.५ मिलिमीटर. पॅडच्या जागी प्रोसेसरची पेस्ट लावू नका, ती एवढी फट भरू शकत नाही. हीटसिंकखालची पाटी तपकिरी पडलेली दिसली तर तो बोर्ड तिथेच सोडा.